वराळ्याचा ळ, तोरिनोचा त

मावळात 'ळ' मुबलक पिकतो. पुण्याहून सुटलेली लोकल तळेगाव, मळवली, लोणावळा अशी थांबत जाते. खुद्द तालुक्याच्या नावाच्या शेवटी तो आहे, पुढं खंडाळ्याच्या घाटात आहे, आणि तळेगावाजवळच्या वराळ्यात तर तो नावाच्या शेवटच्या अक्षरात मांडी ठोकून बसलेला आहे. या वराळ्यात इंजिनिअरिंग कॉलेज आहे आणि आंबीच्या बाजूला एमआयडीसी. त्यामुळं देशाच्या चारी कोपऱ्यांतून माणसं इथं राहायला येतात आणि पत्ता विचारताना 'वराले' म्हणतात, 'तलेगाव' म्हणतात, रविवारी 'लोनावला' फिरून येतात. केरळी, कानडी, गुजराती माणसाच्या घरी स्वतःचा ळ असतो, म्हणून तो यातून सुटतो. बाकी बऱ्याच जणांची जीभ तिथवर वळत नाही. पण 'वराले' म्हटलं म्हणून कुणी आंबीला उतरलाय असं होत नाही. रिक्षावाला बरोबर वराळ्यातच सोडतो, किराणावाला उधारीच्या वहीत नाव बरोबर लिहितो, आणि 'आधी ळ म्हणा, मग दूध घ्या' असं कुणी अडवत नाही. परक्याच्या जिभेला एवढी मोकळीक देणारा हाच वराळेकर आपल्या मुलानं इंग्रजीत 'डेव्हलप' जरा वेगळं म्हटलं की मात्र खाली मान घालतो. दुसऱ्याला दिलेली ही मोकळीक त्यानं स्वतःलाही द्यावी, आणि ती कुठवर द्यावी याचा नीट हिशेब करावा, एवढंच इथं मांडायचं आहे. त्यासाठी साक्षीदार म्हणून एक इटालियन बोलवावा लागेल.

पुणे जिल्ह्याला इटली नवी नाही. 1960च्या दशकात आकुर्डीला बजाज कंपनी पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. 1971 साली परवाना संपला आणि मग 'चेतक' आली. बारामतीला पियाजिओचा स्वतःचा कारखाना आहे आणि 2012 पासून तिथं पुन्हा व्हेस्पा निघते. रांजणगावला फियाट आहे. तेव्हा इथल्या क्वालिटी विभागातला इंजिनिअर आणि इटलीतल्या तोरिनो शहरातला त्याचा जोडीदार दुपारच्या कॉलवर समोरासमोर येणं ही रोजची गोष्ट. बोलणं होतं ते इंग्रजीत, कारण ती दोघांपैकी कुणाचीच नाही. इटालियन माणसाची इंग्रजीत काय तारांबळ होते हे त्या वेळी ऐकण्यासारखं असतं. त्याच्या भाषेतले बहुतेक शब्द स्वरावर संपतात, त्यामुळं इंग्रजी शब्द व्यंजनावर तुटला की त्याला अर्धवट सोडल्यासारखं वाटतं आणि तो शेवटी एक छोटासा 'अ' जोडून देतो. 'ह' त्याच्याकडं लिहायला आहे, बोलायला नाही. म्हणून 'हाउस'चं 'आउस' होतं. 'थ्री'च्या सुरुवातीचा जिभेचं टोक दातांत धरून काढायचा आवाज त्याच्याकडं नाही, तो सरळ 'त्री' म्हणतो. 'बॅड' आणि 'बेड' त्याला एकाच घरातले वाटतात. आणि 'शिप' म्हणजे जहाज की 'शीप' म्हणजे मेंढी, हे त्याच्या तोंडून ऐकताना संदर्भावरूनच ठरवावं लागतं. बंदराची गोष्ट चालली असेल तर मेंढीची शक्यता कमी.

आता हेच आपल्या बाजूनं मोजून बघा. 'ह' आपल्याकडं इतका आहे की आपण तो नको तिथंही घालतो; 'व्हेरी', 'व्हॅन' लिहिताना व्ह वापरायची आपल्याला एवढी सवय झाली की 'वॉटर'वाल्या इंग्रजी ओठांचा आवाज वेगळा, हे कुणाच्या गावीही नसतं. 'थ' आपला स्वतःचा आहे, पण तो इंग्रजांच्यासारखा नाही. 'झीरो' आणि 'झेब्रा' हे तर आपण कुटुंबात सामावून घेतलेले प्राणी. एका बाबतीत मात्र मराठी माणूस इटालियनाच्या पुढं आहे: 'बॅट' आणि 'बॉल' यांच्यातल्या दोन्ही स्वरांसाठी आपण आपल्या बाराखडीत चंद्र उगवून घेतला. ज्या स्वराशी इटालियन माणूस जन्मभर झटतो तो आपल्या खेड्यातल्या पोराला क्रिकेटच्या मैदानात आपोआप मिळतो. याची फुशारकी आपण कधी मारत नाही, हेही आपल्या स्वभावाला धरूनच आहे. उलट पिझ्झ्याच्या बाबतीत हातातला घास आपण घालवला. इटालियन माणूस त्या शब्दात जो आवाज काढतो तो आपल्या चटणीतल्या च सारखा आहे. आपल्याकडं तयार होता, तरी आपण इंग्रजीच्या वाटेनं गेलो आणि झ ला झ जोडून बसलो.

दोघांच्या चुका इतक्या सख्ख्या का, याचं कारण दोघांच्या लिप्यांत आहे. इटालियनही बरीचशी जशी लिहिली तशी वाचतात, आणि मराठीही. अशा भाषेत वाढलेल्या माणसाचा अक्षरावर विश्वास असतो. कागदावर अक्षर आलंय म्हणजे ते काहीतरी कामाला आलं असणार, त्याला बोलायला न देणं हा त्याचा अपमान, अशी त्याची समजूत असते. म्हणून 'कम्फर्टेबल' मधली सगळी अक्षरं आपण आदरानं उच्चारतो आणि 'वॉच्ट' ऐवजी 'वॉचेड' म्हणतो. इटालियनही तेच करतो. इंग्रज मात्र अर्धा शब्द गिळून टाकतो. त्याच्या 'व्हेजिटेबल' मधलं एक अख्खं अक्षर जेवणाआधीच नाहीसं होतं, 'वेन्सडे' मधला डी नुसता शोभेला असतो, आणि वूस्टर नावाच्या गावाचं स्पेलिंग पाहिलं तर त्या गावात अक्षरांचं अतिक्रमण झालंय असं वाटावं. ह्रस्व-दीर्घाची कथा तर आणखी गमतीची. मराठीत तो फरक कागदावर कडक आहे आणि तोंडात बहुतेक ठिकाणी ढिला, म्हणून तर शुद्धलेखनाचे गुण जातात. इंग्रजीत नेमकं उलट: कागदावर पत्ता नाही, आणि तोंडात मात्र त्याच्यावाचून जहाजाची मेंढी होते. शाळेत एकदा त्यावर गुण घालवलेला माणूस नोकरीत पुन्हा त्याच्यावरच घालवतो.

म्हणजे गुन्हा एकच. शिक्षा मात्र वेगळी. इटालियन माणसानं शब्दाच्या शेवटी 'अ' लावला की तो मोहक ठरतो आणि त्या आवाजात पास्त्याची जाहिरात करता येते. मराठी माणसानं 'वॉचेड' म्हटलं की त्याला प्रशिक्षणाला पाठवतात. कानाला दोन्ही चुका सारख्याच बोचत असतील तर हा भेद कशातून येतो? 1992 साली अमेरिकेत डोनाल्ड रुबिन नावाच्या अभ्यासकानं एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातली एकच टेप ऐकवली. काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच टेपमध्ये परका उच्चार ऐकू आला, आणि त्यांना व्याख्यानही कमी समजलं. म्हणजे उच्चाराचा निम्मा निवाडा डोळे करतात आणि बिल कानांच्या नावानं फाडतात. जिभेची कितीही मशागत केली तरी हा रोग समोरच्याच्या कानात राहतो, आणि त्याचा क्लास कुठं निघालेला नाही.

वडगाव मावळात तर या साऱ्याचा अडीचशे वर्षांचा पुरावा उभा आहे. जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांची फौज पुण्यावर चालून येत होती. त्यात कॅप्टन स्टुअर्ट नावाचा धाडसी अधिकारी होता. कार्ल्याजवळ तो तोफेच्या गोळ्यानं पडला. मराठ्यांना त्याच्या शौर्याचं कौतुक वाटलं, पण त्याचं नाव तोंडात मावेना. मग त्यांनी ते आपल्या जिभेच्या मापानं बेतलं आणि वर पदवीही दिली: इष्टुर फाकडा. याच नावानं त्याची समाधी वडगावात आजही ओळखली जाते. स्टुअर्ट या शब्दातल्या सुरुवातीच्या जोडाक्षराला पायरी म्हणून एक 'इ' लावायचा, हा उच्चाराचा मान्य दोष आहे. पण त्या दोषानं माणसाला अमर केलं. शुद्ध उच्चार झालेले त्याचे किती सहकारी आज कुणाला आठवतात? दुसऱ्या बाजूनं इंग्रजांनीही कसर ठेवली नाही. वडगावचं त्यांनी 'वारगॉम' केलं, खडकीचं किर्की, पुण्याचं पूना. त्याच वडगावात त्याच महिन्यात तह झाला. एकमेकांची नावं धड न येणाऱ्या दोन पक्षांनी कलमं ठरवली आणि मान्य केली. पुढं कंपनीनं तो तह झुगारला खरा, पण उच्चार कळला नाही म्हणून नव्हे. उलट फार नीट कळला होता म्हणून.

तरी सुधारण्यासारखं काहीच नाही असं मात्र नाही. उच्चार वेगळा असणं आणि बोलणं न कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मन्रो आणि डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी 1995 साली नीट मोजून दाखवलं: परका उच्चार ठसठशीत असूनही शब्द न् शब्द कळलेला असू शकतो. मग कळायचं कुठं थांबतं? आपल्याकडं आर. के. बन्सल यांनी 1969 साली हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतून भारतीय इंग्रजी कितपत कळते याचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि न कळण्याच्या कारणांत आघाताला, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर वजन टाकायचं याला, मोठं स्थान दिलं. मराठी शब्दांत सगळी अक्षरं पंगतीला बसल्यासारखी समान मानानं बसतात. वजन इकडचं तिकडं झालं म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजीचा कान मात्र आधी वजन शोधतो आणि मग अक्षरं. गाण्याच्या मैफिलीत सम चुकली की पुढचे बोल कितीही स्वच्छ असले तरी ऐकणाऱ्याची मान हलत नाही, तसं हे आहे. 'डेव्हलप' म्हणताना आपण 'डे' वर जोर देतो. तो 'व्हे' वर हवा. 'कॉम्पोनंट' मध्ये तो 'पो' वर, 'हॉटेल' मध्ये 'टेल' वर. 'फोटोग्राफ' मध्ये तो 'फो' वर असतो आणि 'फोटोग्राफर' झाला की उडी मारून 'टॉ' वर जातो. असे कामाचे शब्द प्रत्येक खात्यात शे-सव्वाशे निघतील. तेवढे पाठ केले, की ट कितीही मराठमोळा राहिला तरी तोरिनोला माल योग्य जातो.

'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' या जोडीकडं तर जास्तच लक्ष द्यावं लागतं. एकाचं वजन शेवटी आणि स्वर लांब, दुसऱ्याचं वजन सुरुवातीला आणि शेवट छोटा. आपण दोन्ही सारख्याच जोरानं म्हणतो, इटालियनही पुष्कळदा गोंधळ करतो, आणि मग पंधरा बेअरिंगांच्या जागी पन्नास येऊन पडतात. शहाणे खरेदीवाले म्हणूनच फोनवर 'वन-फाइव्ह' आणि 'फाइव्ह-झीरो' असं फोडून सांगतात. तो 'झीरो' कुठल्याही इंग्रजी कोशात बसणारा नाही, पण ऑर्डर बरोबर बसते. लंडनच्या जेनिफर जेंकिन्स यांनी 2000 साली परदेशी माणसांच्या आपापसातल्या इंग्रजीवर पुस्तक लिहिलं. त्यांनी 'थ्री' मधला तो दाताळ आवाज बिनदिक्कत वगळला आणि स्वरांची लांबी, वाक्यातला मुख्य जोर अशा गोष्टी जपायला सांगितल्या. एकेका शब्दातल्या वजनाबद्दल त्या फारशा आग्रही नाहीत. त्याबाबतीत बन्सल यांचंच खरं मानावं. भारतीय जिभेची दुखरी जागा त्यांना जवळून माहीत होती.

'थ्री'वरून आठवलं. उच्चार चुकला तर माणसं मरतील अशी जागा कुठली, तर विमानाचा वैमानिक आणि खालचा कंट्रोलर यांचं बोलणं. तिथं तरी शुद्ध लंडनी इंग्रजीच हवी ना? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नेमकं उलट केलं. तिच्या नियमात आकडे कसे म्हणायचे ते ठरवून दिलंय: तीनला 'ट्री', पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', हजाराला 'टाऊसंड'. केंब्रिजमध्ये शिकलेल्या गोऱ्या वैमानिकानंही रेडिओवर 'ट्री' म्हणायचं असतं. मावळातल्या पोरानं 'थ्री'चं 'ट्री' केलं तर वर्ग हसेल, तिथं मात्र ते नियमावलीत आहे. त्याच संघटनेच्या भाषा-परीक्षेत सहा पातळ्या आहेत, आणि सर्वांत वरच्या सहाव्या पातळीवरही मातृभाषेचा रंग उच्चारात चालतो. अट एकच की त्यानं समजण्यात अडथळा येता कामा नये. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या आयईएलटीएस परीक्षेतही बोलण्याच्या चार निकषांपैकी उच्चार हा एक आहे खरा, पण तिथंही मोजतात ते कितपत कळतं. कोणत्या गावचा आहे ते मोजत नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रमाणाचा. 'मूळ इंग्रजी कुणाची? इंग्रजांची. मग माप त्यांचंच.' ठीक, पण कुठल्या इंग्रजाचं आणि कुठल्या सालचं? ज्या राणीच्या नावानं ही इंग्रजी मिरवत आली, त्या एलिझाबेथ राणीची नाताळची भाषणं जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि 2000 साली 'नेचर' मध्ये निष्कर्ष छापला: 1950च्या दशकापासून 1980च्या दशकापर्यंत राणीचे स्वर सरकत सरकत सामान्य लोकांच्या उच्चाराकडं गेले होते. खुद्द मालकीणबाईंनी दुकानातलं वजन बदललं, आणि आपण अजून जुन्या मापानं स्वतःला तोलतोय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं होतं. ते प्यायला सांगितलं होतं. वाघिणीसारखं गुरगुरलंच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नव्हती.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो जास्त वजनदार. 'हे सगळं खरं, पण मुलाखत घेणारा उच्चारावरच नापास करतो.' करतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण तो मुलाखत घेणारा बहुधा कोल्हापूरचा किंवा कानपूरचा असतो, आणि ज्या ग्राहकाच्या नावानं तो घाबरवतो तो तोरिनोचा असतो. मधल्या काळात पुण्यात कॉल सेंटरं आली तेव्हा पोरांना 'न्यूट्रल' उच्चार शिकवत आणि रात्रीपुरतं सॅम किंवा नॅन्सी बनवत. तो न्यूट्रल देश नकाशात सापडत नाही. आता तर ते कष्टही नकोत: टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीनं 2025 साली सांगितलं की भारतीय कर्मचाऱ्यांचा उच्चार चालू कॉलमध्येच मऊ करणारं सॉफ्टवेअर ती वापरते. मशीन जर क्षणात जीभ बदलून देत असेल, तर माणसानं पैसे भरून महिनोन्‌महिने ट घासत बसण्यात शहाणपण नाही. मशीनला न जमणारं उरतं ते वेगळंच: हळू बोलणं, वाक्याचा शेवट न गिळणं, समोरच्याला कळलं का हे विचारणं, आणि त्याचं न कळल्यास पुन्हा सांगायला लावण्याची लाज न बाळगणं. मुलाखतीत हे चौघं असतील तर उच्चाराचं फारसं कुणाला सुचत नाही.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं घेत नाही, पण खरा तोच आहे: उच्चारावरून माणूस जोखायची हौस आपल्या घरचीच आहे. बर्नार्ड शॉच्या नाटकावर बेतलेली 'ती फुलराणी' 1975 साली मराठी रंगभूमीवर आली तेव्हा पु. ल. देशपांड्यांना उच्चारावरून माणसाची पायरी ठरण्याची मूळ कल्पना मराठीत आणायला फारशी ओढाताण करावी लागली नाही. न आणि ण यांच्यावरून माणसाची प्रतवारी करणारा प्रेक्षक तयारच होता. मावळातलं पोर घरी 'पानी' म्हणतं, शाळेत बाई 'पाणी' म्हणायला लावतात. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हापासून त्याच बाकावर 'वॉटर'ही आलं. ज्यांना 'पानी' खटकतं त्यांनाच पुढं 'व्हॉटर' खटकतं, आणि हे दुखणं इंग्रजीचं नाही. पण यात त्या पोराचा फायदाही आहे, जो पुण्याच्या पेठेत वाढलेल्या पोराला मिळत नाही. सहाव्या वर्षापासून ते एकाच दिवसात दोन उच्चार सांभाळतंय: आजीजवळ एक, फळ्यासमोर दुसरा, आणि कुठं कुठला काढायचा यात त्याची गफलत होत नाही. त्याला तिसरा शिकवताना पहिले दोन पुसायची काही गरज नसते. कामाच्या शब्दांची यादी द्यायची, वजन कुठं टाकायचं तिथं पेन्सिलीनं खूण करायची आणि मोठ्यानं वाचून घ्यायचं. एवढ्या कामाला महिना पुरतो. क्लासवाले सहा महिन्यांचं पॅकेज देतात, कारण उरलेले पाच महिने ते त्याच्या ट च्या मागं लागलेले असतात.